सांधा, संधी, सांद आणि सांज

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : सांधा म्हणजे जिथे दोन वस्तू जोडल्या जातात ती जागा. मग त्याच्यासारखाच दिसणारा 'संधी' हा शब्द मराठीत मोका या अर्थानं कसा रुजला? व्याकरणातला संधी, संधिवातातला संधी आणि नोकरीची संधी हे एकच शब्द आहेत, की योगायोगानं सारखे दिसणारे वेगवेगळे? सांदीकोपऱ्यातली सांदी याच कुळातली का? आणि शेवटी, यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करताना 'जोड' लिहावं की 'सांधा'?

हे सगळे एकाच शब्दाचे वंशज आहेत. त्यांत सांजही आहे, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. कोशाच्या कामात आणि व्युत्पत्ती शिकवताना हे कुळ मला वारंवार भेटलं आहे, आणि दर वेळी एकच गोष्ट आधी सांगावी लागते : संधी हे जोडलेल्या वस्तूंचं नाव नाही, त्यांच्या मधल्या जागेचं नाव आहे. दोन वस्तू जिथे भेटतात तिथे त्या एकमेकींना टेकतात, आणि तिथेच त्यांच्यात फटही असते. संस्कृतातल्या संधि या शब्दात टेकणं आणि फट दोन्ही होती. सांध्यानं टेकणं घेतलं, सांदीनं फट घेतली. मोका हा अर्थ फटीच्या बाजूनं आला आहे, जोडाच्या बाजूनं नव्हे. हे ध्यानात आलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आता मूळ. 'धा' या धातूचा अर्थ ठेवणे, 'सम्' म्हणजे एकत्र. संधा म्हणजे एकत्र ठेवणे, एकाजवळ दुसरं आणून बसवणे. पाणिनीचं एक सूत्र आहे, 'उपसर्गे घोः किः' (३.३.९२). 'घु' हे त्यानं दा आणि धा या रूपांच्या धातूंना दिलेलं छोटंसं पारिभाषिक नाव. अशा धातूच्या आधी उपसर्ग असला की त्याला 'कि' प्रत्यय लागून नाम तयार होतं. धातूतला आ जातो आणि शेवटी इ उरते. याच साच्यातून विधी, निधी, परिधी, अवधी, उपाधी, व्याधी आणि समाधी निघाले आहेत. व्याधी आणि समाधी एका पंगतीत बसलेले पाहून विद्यार्थी चमकतात, पण दोन्हींत धातू तोच आहे, उपसर्ग तेवढे वेगळे.

इथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. 'धा'मध्ये ठेवणं आहे, चिकटवणं नाही. एकत्र ठेवलेल्या दोन वस्तू दोनच राहतात. त्यांचा एक गोळा झाला तर संधी उरत नाही. व्याकरणातही पाणिनी ज्याला 'संहिता' म्हणतो त्याची व्याख्या 'परः संनिकर्षः संहिता' (१.४.१०९) अशी आहे, म्हणजे वर्णांची अतिशय जवळीक. जवळीक म्हणजे दोन वर्ण आहेत हे गृहीत आलंच. आणि गंमत अशी की संहिता हा शब्दही त्याच सम् अधिक धा मधून आलेला आहे. 'दधातेर्हिः' (७.४.४२) या सूत्रानं धा धातूचं 'हित' असं रूप होतं, त्यातून विहित, निहित, पुरोहित आणि संहित. म्हणून वैद्यांची सुश्रुतसंहिता, निवडणुकीतली आचारसंहिता आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता या सगळ्या आपल्या सांध्याच्या सख्ख्या नात्यातल्या आहेत. एकत्र नीट मांडून ठेवलेलं ते संहिता.

मराठीत हा शब्द दोन दारांनी आला. एक दार बोलीचं. प्राकृतातून मराठीकडे येताना 'न्ध'च्या आधीचा ऱ्हस्व स्वर लांबतो : बन्धचा बांध झाला, अन्धचा आंधळा, रन्धनातून रांधणे. तसंच संधा या क्रियेतून सांधणे आलं, आणि वेढणेपासून वेढा, ठेवणेपासून ठेवा होतो त्याच रीतीनं सांधणेपासून सांधा. काही शब्दांत या 'ध'मधला हकार गळून 'द' उरतो. स्कन्धचा खांदा झाला तो असाच. त्याच वाटेनं संधीची सांद झाली, आणि सांदी. दोन घरांमधली अरुंद बोळवजा जागा ती सांद. फळ्यांच्या सांदीत सुई पडते. दप्तरात मागे राहिलेला अर्ज सांदीत पडला असं आपण म्हणतो. सांदीकोपरा झाडायचा राहतो. यांतल्या एकाही वापरात जोडण्याची कल्पना उरलेली नाही. उरली आहे ती दोहोंमधली मोकळी, चिंचोळी जागा.

दुसरं दार पोथीचं. तिथून संधि हा शब्द जसाच्या तसा आला, फक्त १९६२च्या लेखननियमांनी त्याची शेवटची इकार दीर्घ झाली. संधी हा तत्सम आहे याचा पुरावा बोलण्यातही सापडतो. मराठीतल्या ईकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचं अनेकवचन साधारणपणे याकारान्त होतं : नदी, नद्या, वाटी, वाट्या. पण संस्कृतात मुळात ऱ्हस्व इकारान्त असलेल्या शब्दांचं तसं होत नाही. आपण 'अनेक व्यक्ती' म्हणतो, 'अनेक संधी' म्हणतो. 'अनेक संध्या' कोणी म्हटलं तर ऐकणारा गोंधळेल. समासात तर मूळची ऱ्हस्व इ परत येते : संधिवात, संधिप्रकाश, संधिसाधू. 'संधीसाधू' हे वृत्तपत्रांत सर्रास दिसतं, पण नियमानं संधिसाधूच लिहायला हवं.

लिंगाचाही एक धागा आहे. संस्कृतात संधि पुल्लिंगी. व्याकरण शिकवताना 'हा स्वरसंधी, हा विसर्गसंधी' असं पुल्लिंगी बोलण्याची रीत आहे. मोक्याची संधी मात्र स्त्रीलिंगी : 'ही संधी दवडू नको.' पुस्तकी अर्थानं पुस्तकातलं लिंग राखलं आणि बोलण्यात मिसळलेल्या अर्थानं मराठी ईकारान्ताचं लिंग घेतलं. सांद, सांदी या तद्भवांचं स्त्रीलिंगही त्याला जवळचं होतं.

सांज कशी आली ते आता सांगतो. संधीशी संबंधित ती संध्या. 'न्ध्य'चा प्राकृतात 'ञ्झ' होतो. वन्ध्याचं वांझ झालं. तंतोतंत तसाच संध्याचा संझा आणि पुढे सांज. एकट्या 'ध्य'चाही तोच प्रकार : मध्यचं माज, जे आज माजघरात उरलं आहे. संध्या ही मुळात फक्त संध्याकाळची नव्हती. पहाटेचीही संध्या असते आणि दुपारचीही. सकाळी संध्या करून बाहेर पडणारी पिढी अनेकांनी पाहिली असेल. मराठीनं तो शब्द संध्याकाळ आणि सांज यांत बांधून दिवस मावळतानाच्या वेळेला दिला, पहाटेला पहाट हा आपला शब्द होताच. 'सम्यक् ध्यान ती संध्या' ही जी फोड सांगितली जाते ती संध्यावंदनाचं महत्त्व सांगणारी आहे आणि त्या जागी तिचा मान आहे. पण शब्दाचा इतिहास विचाराल तर दिवस आणि रात्र यांच्या संधीची वेळ ती संध्या, हेच मला ग्राह्य वाटतं. युगांच्या कालगणनेतही हाच अर्थ सांभाळलेला आहे. मनुस्मृतीत कृतयुग ४००० वर्षांचं सांगितलं आहे, आणि त्याच्या आधी ४०० वर्षांची संध्या, नंतर ४०० वर्षांचा संध्यांश. एक युग सरून लगेच दुसरं लागत नाही. मध्ये एक पट्टा असतो जो धड याचा नाही, धड त्याचा नाही.

वैद्यकानं हा मधला पट्टा फार व्यवहारी रीतीनं वापरला आहे. वाग्भटानं ऋतुसंधी सांगितला तो असा : सरत्या ऋतूचे शेवटचे ७ दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले ७ दिवस. या काळात जुना आहारविहार हळूहळू सोडायचा आणि नवा हळूहळू धरायचा, एकदम बदल केला तर आजार होतात. बंगालात दुर्गापूजेच्या वेळी होणारी संधिपूजाही याच कल्पनेवर उभी आहे : अष्टमीची शेवटची २४ मिनिटं आणि नवमीची पहिली २४ मिनिटं, म्हणजे एक घटका इकडची, एक तिकडची.

शरीरातल्या सांध्यांकडे वळू या, कारण तिथे हा शब्द सगळ्यात बारकाईनं वापरला गेला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात २१० संधी मोजले आहेत : हातापायांत ६८, धडात ५९, मानेपासून वर ८३. त्यांचे आधी दोन भाग केले आहेत, हालणारे आणि स्थिर. मग आकारावरून आठ प्रकार : कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल आणि शंखावर्त. नावं वाचली की सांगणाऱ्यानं काय पाहिलं ते कळतं. वायसतुंड म्हणजे कावळ्याची चोच, तो जबड्याच्या दोन्ही बाजूंना. तुन्नसेवनी म्हणजे शिवण, ती कवटीच्या हाडांत. कवटी हातात घेऊन पाहिलेल्या कोणालाही ही नागमोडी शिवण आठवेल. उलूखल म्हणजे उखळ. काखेतला, जांघेतला आणि दातांचा संधी या प्रकारात येतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मुलं 'उखळीचा सांधा' शिकतात तेव्हा तीच प्रतिमा पुन्हा त्यांच्यासमोर असते, आणि उखळ हा शब्दही उलूखलाचाच वंशज आहे. ही यादी संपवताना सुश्रुतानं एक वाक्य घातलं आहे ज्याचं मला फार अप्रूप वाटतं : हे फक्त हाडांचे संधी सांगितले, पेशी, स्नायू आणि सिरा यांच्या संधींना संख्याच नाही. म्हणजे जिथे जिथे दोन गोष्टी टेकतात तिथे तिथे संधी, हा अर्थ त्याच्या मनात स्वच्छ होता, आणि मोजता येतील तेवढेच मोजायचे ही शिस्तही.

'सांधेदुखी' आणि 'संधिवात' हे आपण आज शेजारी शेजारी वापरतो. त्यात एकच शब्द आपल्या दोन्ही रूपांनी नांदतो आहे, एक घरातला, एक वैद्याच्या पाटीवरचा.

आता फटीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे.

संस्कृतात भिंतीला पाडलेल्या भोकालाही संधी म्हणत. शूद्रकाच्या मृच्छकटिकाच्या तिसऱ्या अंकात शर्विलक चारुदत्ताच्या घरात चोरी करायला येतो, तेव्हा भिंत कुठे आणि कशी फोडावी याचा तो अगदी शास्त्रशुद्ध विचार करतो. पाण्यानं ओल धरून मऊ झालेली जागा शोधायची. भाजलेल्या विटा असतील तर त्या ओढून काढायच्या, कच्च्या असतील तर कापायच्या, मातीचे गोळे असतील तर पाणी शिंपायचं, लाकूड असेल तर फोडायचं. भोकाचे आकारही तो सांगतो : उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ. मापाची दोरी विसरला म्हणून गळ्यातल्या जानव्यानंच माप घेतो. या सगळ्या प्रसंगात त्या भोकासाठी शब्द आहे तो संधी. हिंदीतला सेंध हा शब्द त्याच संधीतून आला आहे, आणि 'सेंध लगाना' म्हणजे घर फोडणं. मराठीत घरफोडी हा वेगळा शब्द चालला, पण अर्थाची दिशा लक्षात घ्या. भिंत कुठे फुटते? जिथे विटेला वीट लागलेली असते तिथे. जोडाची जागा हीच कमजोर जागा, आणि म्हणून आत शिरण्याचीही जागा.

फारसीतून आलेल्या 'दरज' या शब्दाची वाटचाल याच अंगानं पाहण्यासारखी आहे. फारसीत दर्ज़ म्हणजे शिवण, ज्यातून कपडे शिवणारा तो दर्जी. मराठी गवंड्याच्या तोंडी दरज म्हणजे दोन दगडांमधली भेग, आणि दरजा भरणं म्हणजे त्या भेगा चुन्यानं किंवा सिमेंटनं बुजवणं. शिवण आणि भेग हे दोन उलटे अर्थ इथेही एकाच शब्दात नांदतात. संधीच्या बाबतीत झालं ते काही अपवादात्मक नव्हतं, याची खात्री मला या शब्दानं पटते.

तर मोका हा अर्थ असा आला : दोन घटनांच्या, दोन पहाऱ्यांच्या, दोन माणसांच्या मधली फट, जिच्यातून आत शिरता येतं. म्हणून आपण संधी 'शोधतो', संधी 'सापडते', संधी 'मिळते', संधी 'साधतो'. संधी 'जोडतो' असं कोणी म्हणत नाही. क्रियापदंच सांगतात की मराठी माणसाच्या मनात ही जागा आहे, जोड नव्हे. या जोडीला दोन साक्षी देतो. कोकणीत मोक्याला सरळ 'संद' म्हणतात. संद मेळ्ळी म्हणजे संधी मिळाली. आपल्याकडची फटीतली सांद आणि गोव्यातली मोक्याची संद हा एकच शब्द आहे, पोथीच्या दारानं न येता थेट बोलीतून आलेला. तेलुगूत 'संदु' म्हणजे गल्ली, बोळ, फट; आणि 'संदु दोरिकिते' म्हणजे फट सापडली तर, म्हणजेच संधी मिळाली तर. कन्नडातही संदु, संदि हे फटीला आणि बोळाला आहेत. फटीपासून मोक्यापर्यंतचा हा प्रवास दख्खनच्या या सगळ्या पट्ट्यात झालेला दिसतो. हिंदीत मात्र तो झाला नाही. तिथे संधि म्हणजे व्याकरणातली किंवा राजकारणातली. मोक्यासाठी अवसर किंवा मौका. म्हणून हिंदीभाषक मित्राला 'नोकरीची संधी' हे शब्द वाचून क्षणभर तहाची बोलणी चालली आहेत असं वाटू शकतं.

या अर्थाचं सगळ्यात परिपूर्ण उदाहरण मला नरसिंहाच्या कथेत दिसतं. हिरण्यकशिपूला वर होता : दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. वरात सगळ्या बाजू बंद होत्या. उघडी होती ती फक्त दोन बाजूंमधली जागा. म्हणून वेळ सांजेची, जागा उंबरठ्याची आणि रूप अर्धं नर, अर्धं सिंह. वराच्या शब्दांत जिथे जिथे सांधा होता तिथे तिथे संधी होती. कथा रचणाऱ्यांनी हा शब्द मनात धरून ती रचली असं मी म्हणत नाही, पण दोन गोष्टींच्या मधली जागा ही स्वतःच एक तिसरी गोष्ट आहे, ही जाण या संस्कृतीत किती खोल होती ते त्यातून कळतं.

तहाबद्दल थोडक्यात. कौटिल्यानं राजनीतीचे सहा गुण सांगितले, त्यांत संधी पहिला : 'पणबन्धः सन्धिः', अटींनी बांधून घेणं तो संधी. युद्ध आणि तह यांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला सांधिविग्रहिक म्हणत. समुद्रगुप्ताची प्रयागच्या स्तंभावरची प्रशस्ती रचणारा हरिषेण या पदावर होता. मराठी राज्यकारभारात हा अर्थ तह या शब्दाकडे गेला. १६६५चा पुरंदरचा तह, १७८२चा सालबाईचा, १८०२चा वसईचा. राजकारणाची जागा तहानं घेतल्यामुळे संधीला मराठीत मोक्यासाठी मैदान मोकळं मिळालं, असं माझं मत आहे. एकाच शब्दानं तह आणि मोका दोन्ही सांगायचे असते तर बखरी वाचताना आपली पुरती तारांबळ उडाली असती.

सावधगिरीची एक गोष्ट. 'सा'वर अनुस्वार दिसला की तो शब्द या कुळात ओढायचा मोह होतो. सांडस किंवा सांडशी ही संदंश या शब्दातून आली आहे. तिच्यात चावणं आहे, ठेवणं नाही. सांगड ही संघाटातून. नदी उतरायला भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेला तराफा म्हणजे सांगड, आणि त्यावरून सांगड घालणे. या शब्दाचा एक चुलत भाऊ फार लांब गेला आहे : संघाटाचं मलयाळममध्ये चंगाडम झालं, पोर्तुगीज दर्यावर्दींनी ते उचलून जंगादा केलं, आणि आज ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचे कोळी आपल्या शिडाच्या तराफ्याला जंगादा म्हणतात. पण हा धा धातूचा परिवार नव्हे.

आता जोड. जोड हा शब्द योगाचा किंवा युज् (जोडणे, जुंपणे) धातूचा अपभ्रंश आहे असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आढळतं. युज्चे खरे वंशज मराठीत आहेत आणि ते नियमाला धरून आहेत. सुरुवातीच्या 'य'चा 'ज' होतो, यात्रेची जत्रा आणि यंत्राचं जातं झालं तसा. युगाचं जू झालं, जे बैलांच्या मानेवर असतं, योक्त्राचं जोत, युगलाचं जुळं. पण युज्मधला 'ज' दोन स्वरांच्या मध्ये आला की मराठीत टिकत नाही, बीजाचं बी होतं. त्याचा 'ड' होण्याला कुठलाच नियम नाही. धातुपाठात 'जुड बन्धने' असा धातू नोंदलेला आहे, मात्र जुन्या संस्कृत वाङ्मयात त्याचा वापर जवळजवळ दिसत नाही. बोलीत नांदणारा शब्द व्याकरणकारांनी धातू म्हणून नोंदवून ठेवला, असं मी मानतो. हिंदी, गुजराती, मराठी या सगळ्यांत तो जोमानं पसरलेला आहे, हीही तो बोलीचा शब्द असल्याची खूण.

अर्थाच्या दृष्टीनं जोड आणि सांधा यांत मोठा फरक आहे. जोड वस्तूंकडे पाहतो, सांधा जागेकडे. म्हणून जोडी, जोडपं, जोडीदार, पायातला जोडा, बायकांच्या पायाच्या बोटांतली जोडवी, ही सगळी दोन असलेल्या गोष्टींची नावं आहेत. सांध्यापासून माणसांचं नाव होत नाही. शिवाय जोडण्यात भर पडते. जुन्या मराठीत जोडणे म्हणजे मिळवणे हा अर्थ ठळक आहे. तुकोबा म्हणतात, 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी ॥' इथे जोडोनियां म्हणजे कमावून, एकाला दुसरं चिकटवून नव्हे. आजही आपण पुण्य जोडतो, माणसं जोडतो. जोडधंदा म्हणजे दोन धंद्यांमधला सांधा नव्हे, मुख्य धंद्यात घातलेली भर.

एवढं पाहिल्यावर तुमच्या भाषांतराचा प्रश्न सोपा होतो. क्रिया सांगायची असेल तर जोडणे वापरा : नळी जोडा, तार जोडा, भाग एकमेकांना जोडा. वीजपुरवठ्याला वीजजोडणी हा रुळलेला शब्द आहे, तो मोडू नका. पण जिथे दोन भाग येऊन मिळतात ती जागा दाखवायची असेल, विशेषतः तिथे हालचाल, गळती, झीज किंवा फट यांचा संबंध असेल, तर सांधा लिहा. सुतार, गवंडी, नळकाम करणारे आणि हाडांचे डॉक्टर हेच करतात. सुताराचा साल-कुसूचा, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेला सांधा असतो; तो ढिला होतो, घट्ट बसतो. हाड मोडलं तर ते जोडलं जातं, सांधा मात्र निखळतो आणि पुन्हा बसवला जातो. या दोन क्रियापदांची अदलाबदल रुग्णांसाठीच्या पत्रकात मी पाहिली आहे आणि ती निव्वळ शैलीची बाब नाही. वाचणाऱ्याला आपलं हाड मोडलं आहे की खांदा निखळला आहे हे कळायला हवं.

रेल्वेच्या मराठीनं हा शब्द फार समजून उचलला आहे. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा तो सांधा, आणि तो बदलणारा तो सांधेवाला. शिवाय दोन रुळांची टोकं जिथे येतात तोही सांधाच, आणि तिथे पूर्वी मुद्दाम फट ठेवत. १३ मीटरचा पोलादी रूळ ३० अंशांनी तापला तर साधारण ४ ते ५ मिलिमीटर वाढतो; त्याला वाढायला जागा नसेल तर तो वाकतो. जुन्या गाड्यांचा ठराविक लयीतला खडखडाट त्या फटींचा होता. आता रूळ एकमेकांना वितळवून लांबच लांब जोडतात, त्यामुळे तो आवाज कमी झाला आहे. अशा रुळांबद्दल लिहाल तेव्हा 'सांधे नसलेले जोडलेले रूळ' असं लिहिता येईल, आणि त्यात विसंगती काही नाही : तिथे जोड आहे, सांधा नाही.

तुमच्या पुस्तिकेत नळ्यांचा भाग असेल तर वाक्यं साधारण अशी होतील : 'दोन्ही नळ्या आट्यांवर फिरवून जोडा. जोडण्याआधी सांध्यावर पट्टी गुंडाळा. पाणी सोडल्यावर सांध्यातून गळत असेल तर नळ्या सोडवून पट्टी पुन्हा गुंडाळा.' आणि जोडाची वस्तू वेगळी असेल, म्हणजे दोन नळ्यांच्या मध्ये बसणारा छोटा तुकडा, तर त्याला जोडतुकडा म्हणा. तो तुकडा दोन्ही नळ्यांना मिळतो म्हणून तिथे सांधे दोन होतात, आणि गळती तपासताना दोन्ही तपासायला सांगा.